सावलीला येणारे मासे

आईनं डब्यातले चार दाणे तळहातावर घेतले, त्यातला एक दाताखाली धरून कचकन फोडला, जिभेवर घोळवला आणि कर्दळीच्या बुडाशी थुंकून टाकला. मग तांब्यातलं पाणी घेऊन खळखळून चूळ भरली. तिचा मुलगा अतिशय त्या वेळी तळ्याच्या फिल्टरच्या हौदात उतरला होता. हातात शेवाळानं माखलेला ब्रश होता आणि हौदाच्या काठावरून त्याला आईची पावलं, पातळाचा काठ आणि वर तिचं हलणारं तोंड तेवढं दिसत होतं. आपण पाहिलं ते खरंच पाहिलं का, हे त्याला क्षणभर कळेना. आई मात्र भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगावं तशी म्हणाली, "ह्या पोत्यातलं लय खारट हाय रं. आदीचं असं नव्हतं. दुकानदार फसवतोय तुला."

तू हे खातेस की काय, असं त्यानं विचारलं. आई, चंदनबाला, हसली. खायला ती काय मासा होती? दर नवं पोतं फोडलं की एक दाणा चाखून बघायचा, एवढंच. "सरकीची पेंड बी मी चाखल्याबिगर म्हशीम्होरं कवा टाकली न्हाई. मुकं जनावर सांगतंय व्हय, कडू झालंय म्हणून?" एवढं बोलून तिनं हातातले दाणे पाण्यात टाकले. सकाळच्या उन्हात तिची सावली तळ्यावर पडली होती आणि तांबडे, पांढरे, काळ्या ठिपक्यांचे सगळे जपानी कोई मासे कधीच त्या सावलीत गोळा झाले होते. हात हलायच्या आधी ते सावलीलाच यायचे. अतिशय तास तास काठावर बसला तरी त्याच्याकडं ढुंकून न बघणारे हे मासे आईच्या सावलीला मात्र आ वासून वर येत, आणि याचा त्याला आजवर थोडा हेवाच वाटत आला होता.

आज त्याला हेवा वाटला नाही, भीती वाटली. दर नवं पोतं, असं आई म्हणाली होती. त्या दाण्यांत गव्हाचं पीठ होतं, सोयाबीन होतं, आणि सगळ्यांत जास्त होती ती वाळवून दळलेल्या मासळीची भुकटी. समुद्रातली बारकी बारकी मासळी. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातनं गाळून, फडक्यावर राहिलेले न दिसणारे जीव परत त्याच विहिरीत अलगद सोडणारी ही बाई. कांदा-बटाटा तिनं लग्नाआधीच सोडला होता, सूर्य मावळल्यावर ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हती. तिच्या जिभेवर त्यानं मासळी ठेवली होती. एरवी डब्याचं झाकण काढलं की कुणालाही भपकारा आला असता. पण कोरोनात आईचं नाक गेलं ते परत आलंच नाही. चव थोडीफार आली, वास नाही. अतिशयनं ब्रश पाण्यात बुचकळला, पिळला, पुन्हा बुचकळला. हौदातलं पाणी गुडघ्यांना गार लागत होतं आणि कपाळावर घाम होता. वर येऊन आईच्या हातातला डबा काढून घ्यावा, असं त्याला वाटलं, पण मग का काढून घेतोस तेही सांगावं लागलं असतं. म्हणून तो वर आला नाही.

खरं तर हे सगळं उभं राहिलं ते आईच्याच जोरावर. महापूर आला तेव्हा सांगलीच्या या घराच्या मागल्या हळदीच्या गोदामात छातीइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर अण्णा, म्हणजे त्याचे वडील नेमिनाथ, सडलेल्या हळदीकडं बघत पायरीवर बसून राहिले, आणि आई पदर खोचून गोदामाच्या कोपऱ्याकोपऱ्यात वाकत फिरली. तिथं डबक्यांत नदीतले मासे अडकले होते. बोटाएवढे, टाचणीएवढे. मेलेले चिखलात पांढरे पडले होते, जिवंत होते ते तिनं ओंजळीनं घागरीत भरले आणि चिखल तुडवत कृष्णेत नेऊन सोडले. घराची राखरांगोळी झालेली असताना ही बाई माशांना माहेरी पोचवतेय, असं कुणीतरी म्हणालं आणि त्या दिवसांत पहिल्यांदा लोक हसले. अतिशय तेव्हा साताऱ्याला एमआयडीसीत नोकरीला होता, रजा काढून आला होता. घागरीला दुसऱ्या बाजूनं त्यानंच हात लावला होता. आपल्या माशांच्या वेडाला ही बाई कधी नाही म्हणणार नाही, हे त्यानं त्या वाटेवर मनात पक्कं धरलं.

वेड लागलं होतं साताऱ्यातच. घरमालक लालासाहेब, रिटायर्ड सुभेदार, खोलीत माशांची एक काचेची टाकी ठेवून होता आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून पलटणीसमोर बसावं तसा ताठ बसायचा. अतिशय त्याच्या शेजारी बसू लागला. कारखान्यातला आवाज दिवसभर डोक्यात घुमायचा, तो त्या टाकीसमोर उतरायचा. अण्णा गेल्यावर तो नोकरी सोडून सांगलीला आला, हळदीचा धंदा पुन्हा मार्गी लावला, पण पुराच्या पट्ट्यातल्या त्या गोदामात परत माल ठेवायची कुणाची छाती होईना. मग तिथं लोखंडी अँगलचे घोडे उभे राहिले, घोड्यांवर थर्माकोल, थर्माकोलवर काचेच्या टाक्या. छताखालून हवेची एकच लांब नळी आणि तिला ठिकठिकाणी फुटलेल्या बारीक नळ्या. भिंतींतून ओल धरली की अजूनही हळदीचा वास सुटायचा. पिवळ्या भिंती, निळा उजेड आणि शेकडो टाक्यांची बुडबुड. त्या खोलीत पाऊल टाकलं की आपण कुणाच्या तरी पोटात शिरलो आहोत, असं त्याला वाटायचं, आणि ते त्याला आवडायचं.

तळ्याला जागा हवी होती ती गोठ्याची. शेवटची म्हैस विकल्यापासून गोठा मोकळाच होता, पण आई रोज तो झाडायची. तिथं तळं खणू का, असं विचारायला अतिशयला धीर गोळा करावा लागला होता. आईनं दावणीच्या खुंट्यावर हात ठेवून एवढंच विचारलं होतं, की त्यांना खायला काय घालणार. गहू, सोयाबीन आणि पाण्यातलं शेवाळ, तो म्हणाला होता. "जिवाला जीव खाऊ घालायचा असला तर खणू नगं." त्यानं शब्द दिला. आणि तो शब्द त्या वेळी खोटा नव्हता, हे तो आजवर स्वतःला सांगत आला होता. खड्डा खणला, सळई बांधली, काँक्रीट ओतलं, सिमेंटचा खार उतरावा म्हणून केळीचे खुंट कापून पाण्यात टाकले, पाणी सोडलं, भरलं, पुन्हा सोडलं. तळाशी गाळ ओढणारा पाइप, तिथून तीन कप्प्यांचा फिल्टर, फिल्टरमधून धबधब्यासारखं परत तळ्यात पडणारं पाणी. कोलकात्याहून पिशव्यांतून मासे आले तेव्हा पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून आईनं स्वतः गाठ सोडली. खाण्याचं पहिलं पोतं अगदी त्यानं सांगितलं होतं तसंच होतं. पण मासे अंग धरीनात. तांबडा रंग विटका दिसू लागला. पुण्याला प्रदर्शन होतं आणि त्याच्या एका पांढऱ्या-तांबड्या, कोहाकू जातीच्या माशाकडून त्याला फार आशा होती. मग एक दिवस त्यानं दुसरं पोतं आणलं आणि त्याच जुन्या डब्यात, आईनं पेंडीसाठी वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात ओतलं. कुणी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. खोटं बोलायचीसुद्धा गरज पडली नाही.

गोठ्याच्या वेळचा गडी धुळा आता तळ्याचं बघायचा. त्यानं पहिल्याच दिवशी नाक उडवलं होतं. "दादा, ही तर सुकट हाय," तो म्हणाला होता, आणि अतिशयनं ओठावर बोट ठेवलं होतं. तेवढ्या एका बोटानं धुळा त्याचा भागीदार झाला. तेव्हापासून धुळा आईसमोर डब्याला हात लावत नव्हता, लांबूनच पाइपानं पाणी मारत बसायचा. रूपाली, अतिशयची बायको, हिला त्यानं स्वतःच सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती की आत्तींना कळू देऊ नका म्हणजे झालं. सगळं व्यवस्थित झाकलं गेलं होतं. म्हातारीची पेंड चाखायची सवय तेवढी सगळे विसरले होते.

आणि हे कळायचं होतं ते नेमकं आज. कारण उद्या सकाळी मुनिमहाराज गल्लीत आहाराला, दिवसातल्या त्यांच्या एकमेव जेवणाला, येणार होते. अण्णा गेल्यापासून या घरात महाराजांसाठी चौका, म्हणजे सोवळ्यातल्या आहाराची मांडणी, लागला नव्हता. या वर्षी आईनं हट्टानं लावायला सांगितला होता. स्वयंपाकघर धुऊन निघालं होतं, घरच्या जात्यावरचं पीठ, विहिरीचं गाळलेलं पाणी, नवी कोरी फडकी. महाराज कुठल्या दारी थांबतील ते कुणालाच ठाऊक नसतं. त्यांच्या मनात काहीतरी धरलेलं असतं, ते जुळलं तरच ते थांबतात. थांबलेच तर घरातल्या माणसानं हात जोडून सांगायचं असतं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. मग ते घरात पाऊल टाकतात. हे शब्द अण्णा म्हणायचे. आता घरातला पुरुष म्हणून ते अतिशयनं म्हणायचे होते. आणि शेजारी कलश घेऊन आई उभी राहणार होती, आज सकाळीच मासळीचा दाणा चाखलेली.

दिवसभर तो माशांच्या खोलीत काहीबाही करत राहिला. काचेवरचं शेवाळ खरवडलं, स्पंज पिळले, एका टाकीचं पाणी कारण नसताना बदललं. अजाणता घडलं त्याचं पाप लागत नाही, असा त्यानं हिशेब मांडला. आईला ठाऊक नव्हतं, म्हणजे आई शुद्धच. पण मग जाणता कोण होता, हा प्रश्न लगेच मागोमाग यायचा आणि त्याला तो नको होता. दुपारी रूपालीला गाठून त्यानं सांगितलं. ती पीठ मळता मळता थांबली. मग हलक्या आवाजात म्हणाली की उद्याचा दिवस जाऊ द्या. आज सांगितलंत तर त्या प्रायश्चित्त म्हणून उपास धरतील. मागच्या पर्युषण पर्वात धरला होता तेव्हा साखर उतरून न्हाणीत पडल्या होत्या, डॉक्टरांनी पुन्हा उपास केलात तर आमच्याकडं आणू नका म्हणून बजावलं होतं, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. बोलणं अगदी रास्त होतं. सांगितलं तर आई जायची भीती, नाही सांगितलं तर आईला आयुष्यभर जपलेल्या गोष्टीत खोटं पाडायचं, तेही स्वतःच्या तोंडानं. रूपाली पुन्हा पीठ मळू लागली आणि तो तिथंच उभा राहिला.

सूर्य मावळायच्या आत सगळे जेवायला बसले. लहानपणापासून आई त्याला शेजारी घेऊन जेवायची, अजूनही ताट शेजारीच. तिनं त्याच्या ताटात भाकरीचा मऊ पापुद्रा काढून ठेवला. आज ती बोलत होती, एरवी जेवताना न बोलणारी. अण्णांच्या वेळी महाराज थांबले होते तेव्हा अण्णांचे हात कसे थरथरत होते आणि महाराजांच्या ओंजळीत दूध ओततानाची धार कशी वाकडी व्हायला लागली होती, हे सांगताना ती लहान मुलीसारखी हसली. "आता मला काय बी नको रं. एकडाव ह्या दारात पाय लागू दे," ती म्हणाली. अतिशयनं हातातला घास ताटात ठेवला. आता सांगावं, असं त्याच्या जिभेवर आलं, अगदी दातांपर्यंत आलं. तेवढ्यात तिनं बाहेर बघितलं, ऊन भिंतीवरून उतरलेलं दिसलं, आणि घाईनं चूळ भरायला उठली. सूर्यास्त झाला. तो पाणी न पिताच बसून राहिला.

सकाळी त्याला धोतर-दुपट्टा नेसवून दारात उभं केलं तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना लोक उभे होते. प्रत्येक दारात कलश, नारळ, ओली पायरी. आईनं कलश दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तिच्या मनगटाच्या शिरा त्याला दिसत होत्या. महाराज वळणावर दिसले, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, पावलं जमिनीकडं बघत टाकलेली. दोन्हीकडून एकच गजर उठला, नमोस्तु महाराज, तिष्ठ तिष्ठ, इथं थांबा. एक दार गेलं. दुसरं गेलं. अतिशय मनात देवाकडं मागत होता की यांनी इथं थांबू नये, आणि तेच मागणं शेजारी उभी असलेल्या आईच्या मागण्याच्या बरोब्बर उलटं आहे हे त्याला कळत होतं. त्याला स्वतःची शिसारी आली. महाराज त्यांच्या दाराशी आले, कलशाकडं त्यांनी पाहिलं, आणि थांबले.

आईच्या घशातून बारीक आवाज निघाला. आई, रूपाली आणि तो, तिघांनी महाराजांभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मागच्या अंगणातून तळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज इथवर येत होता, एरवी तो कधी ऐकू येत नसे. अतिशयनं हात जोडले. "मनशुद्धी," तो म्हणाला. आवाज बरा निघाला. पुढचा शब्द पोरासोरांना पाठ असलेला, तो त्याच्या तोंडातच राहिला. त्यानं ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. रूपालीनं मागून कोपर मारलं. समोरच्या दारातल्या पाटलांनी शब्द विसरला असेल म्हणून ओठांनीच आठवण करून दिली. महाराज शांत उभे होते, घाई नाही, राग नाही. एखादं म्हातारं माणूस झाडाखाली उभं राहावं तसे. आईनं मान वळवून अतिशयकडं पाहिलं. त्याला वाटलं, आता ती स्वतःच पुढचे शब्द म्हणेल, तिला तो अधिकार होता, ते शब्द तिचेच होते. पण तिनं छातीशी धरलेला कलश सावकाश खाली घेतला आणि एक पाऊल मागं सरकली.

महाराज वळले. समोरच्या दारात पुन्हा गजर झाला, पाटलांनी सगळे शब्द स्वच्छ म्हटले, आणि महाराज त्यांच्या पायऱ्या चढून आत गेले. त्यांना उपास घडला नाही, एवढीच काय ती सुटका. गल्ली त्या दाराकडं लोटली. इकडं बघायचं लोकांनी टाळलं, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

आई घरातून सरळ मागं गेली. कलश तिच्या हातातच होता. अतिशय तिच्या मागोमाग गेला. तळ्याच्या काठावर तिनं कलश ठेवला आणि "बोल" म्हणाली. मग तो बोलला. पहिलं पोतं, विटलेला रंग, दुसरं पोतं, मासळीची भुकटी, सगळं सरळ सांगितलं, काही मऊ केलं नाही. सांगताना त्याला मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही. तिकडं पाइप धरून उभा असलेला धुळा पाणी बंद करून गोदामाआड गेला. आईनं ते बघितलं.

"धुळाला ठावं हाय?"

तो हो म्हणाला.

"रूपालीला?"

त्यानं मान हलवली. जिभेची चव जावी म्हणून माणूस करतं तसं आईनं एकदा ओठ आत ओढले. ती रडेल, ओरडेल, निदान आजपासून अन्न सोडलं असं तरी म्हणेल, याची तो वाट बघत होता, त्यातलं काहीही चाललं असतं. ती म्हणाली, "मासळी तोंडात गेली त्याचं मी बघीन काय ते. पर तू रोज माज्या ताटाला ताट लावून जेवलास कसा रं?"

खाली, तिच्या सावलीत, सगळे मासे जमले होते. रोजची वेळ टळून गेली होती, तोंडं वर करून ते चुटूचुटू पाणी ओढत होते. तो मोठा कोहाकू, ज्याच्यासाठी हे सगळं झालं, सगळ्यांत पुढं होता. सवयीनं आईचा हात डब्याकडं गेला आणि झाकणाला लागायच्या आत थांबला. तिनं तो पदराला पुसला.

"उपाशी ठिवू नगंस त्यास्नी," ती म्हणाली. "त्यांनी काय केलंय."

मग ती मागं सरली. एक पाऊल, आणखी एक, तिची सावली पाण्यावरून काठावर आली, काठावरून फरशीवर, आणि ती दारातून आत गेली. आत भांडी झाकल्याचा आवाज आला. मासे थोडा वेळ त्याच जागी तोंडं उघडीमिट करत राहिले. पाण्यावर आता अतिशयची एकट्याची सावली होती. त्यानं डब्याचं झाकण काढलं, वास नाकात गेला, आणि कधी नव्हे ते सगळे मासे त्याच्याकडं वळले.